चौथी पायरी कोरडी

१

जूनमधल्या त्या मंगळवारी आल्फाबेगा पाटाच्या उघड्या तुकड्यात पुढील गोष्टी होत्या : जिवंत शिंपले दोनशे सतरा, वाम मासे दोन, मोजणीच्या दहा चौकटींत मिळून परदेशी पिवळे शिंपले एकसष्ट, सायकलचं चाक एक, बिअरच्या बाटल्या चार, त्यांतली एक न उघडलेली, आणि वरच्या जबड्याची कवळी एक. कवळी मी वहीत नोंदवली आणि होती तिथेच ठेवली, कारण काठावर बसलेले बातिस्तआजोबा म्हणाले, "कुणाची आहे ते मला माहीत आहे. तो गेला. राहू दे."

तुकडा एकशे चाळीस मीटरचा. बेनिमासोत हे पूर्वी व्हॅलेन्सियाच्या बाहेरचं गाव होतं. शहर वाढत आलं, तुतीची झाडं गेली, संत्र्यांच्या बागा गेल्या आणि शेकडो वर्षं उघड्यावर वाहणारा पाट रस्त्याखालच्या सिमेंटच्या नळांत गेला. धुण्याची जागा होती म्हणून तेवढा तुकडा वाचला. तळाशी माती, दोन्ही कडांना दगड, पाण्यात उतरणाऱ्या सात पायऱ्या आणि त्यांच्या डोक्यावर सेन्तोच्या बारची मागची भिंत. माझी आजी तिसऱ्या पायरीवर धुवायची. दगड उन्हात तापला की मला अजून साबणाचा वास येतो. त्या दगडाला साबण लागून तीस वर्षं झाली आहेत, त्यामुळे हा वास मोजता येणार नाही हे मला मान्य आहे.

येत्या सोमवारी हा तुकडाही नळात जायचा होता. त्याला अडवू शकत होते ते फक्त शिंपले. हे इथले मूळचे, काळपट, हाताच्या बोटाएवढे लांब शिंपले एके काळी प्रत्येक पाटात होते. आता शहरात एवढ्याच ठिकाणी उरले आहेत. शुक्रवारी दुपारी चार वाजता पर्यावरण खात्याच्या कोन्सोलबाई येऊन पाहणार होत्या. त्यांचा नियम सरळ होता : शिंपल्यांची वस्ती जिवंत आणि वाढती असेल तर मातीचा तळ तसाच ठेवायचा. वाढती म्हणजे पाच वर्षांखालचा निदान एक तरी जीव सापडायला हवा.

तिथेच घोडं अडलं होतं. आठ महिने मी गुडघाभर पाण्यात वाकून काढले होते. प्रत्येक शिंपल्यावर नंबरची पिवळी चकती चिकटवली होती. सर्वांत लहान होता एकसष्ट मिलिमीटर, वय किमान सोळा वर्षं. नळाचं काम घेतलेल्या कंपनीचे इंजिनिअर फेर्रान यांनी आपल्या अहवालात लिहिलं होतं, "ही वस्ती नसून वृद्धाश्रम आहे." तरी बाई स्वतः येईपर्यंत आशा होती. निदान दोनशे सतरा जीव दाखवता आले असते.

बुधवारी मी प्रयोगशाळेत होते. गुरुवारी सकाळी आठ वाजता पाण्यात उतरले. वाम दोन होते. चाक होतं, बाटल्या होत्या, कवळी होती. पिवळे परदेशी शिंपले दहा चौकटींत एकसष्ट.

आमचे शिंपले शून्य.

२

मी तीनदा मोजलं. शून्य तीनदा मोजायचं नसतं, पण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

मग काठावर बसून मी जे दिसत होतं ते लिहून काढलं. शिंपल्यांवर ताव मारणारे प्राणी मला माहीत आहेत. घूस खाते, पाणमांजर खातं, पण दोघंही कवचांचा ढीग मागे ठेवतात. इथे एकही फुटकं कवच नव्हतं. कुणी फावड्याने गाळ उपसला असता तर तळ नांगरल्यासारखा दिसला असता. इथे तळावर नुसत्या बारीक चिरा होत्या, बोटाएवढ्या लांब. एकेक शिंपला जिथे रुतून बसला होता तिथूनच तो वर उचलला होता. आणि मध्ये मध्ये विखुरलेल्या पिवळ्या परदेशी शिंपल्यांतला एकही हलला नव्हता.

आणखी एक गोष्ट होती. पाणी कमी होतं. कडेच्या दगडांवर शेवाळाची ओली रेघ होती आणि पाणी तिच्या बरंच खाली होतं. मी पट्टी लावली : एकतीस सेंटिमीटर. नेहमी तिसऱ्या पायरीवर पाणी खेळतं. आता चौथीही कोरडी पडून तिच्यावर शेवाळ वाळायला लागलं होतं.

सवयीप्रमाणे मी उरलेली मोजमापं घेतली. पाटाचं पाणी तेवीस अंश. बारच्या भिंतीतल्या भोकातून एक करंगळीएवढी धार पाटात पडते, तिचंही तापमान मी दर आठवड्याला मोजते : सतरा पूर्णांक चार अंश, नेहमीसारखंच. तिच्यातला प्राणवायू मात्र नेहमी सात पूर्णांक नऊ असतो तो सहा पूर्णांक एक दाखवत होता. यंत्राची बॅटरी बदलायला हवी, असं मी समासात लिहिलं.

"नेउसबाई, सकाळी सकाळी आंघोळ का?"

वर फेर्रान उभे होते. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, आणि खाली गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. बुटांवर चिखल होता, वाळलेला, कालचा. बुटांच्या खाचांत पाटातल्या त्याच राखाडी गाळाच्या खपल्या होत्या.

"काल तुम्ही पाटात उतरला होतात," मी म्हणाले.

"उतरलो होतो की," ते हसले. "का? काही हरवलंय का तुमचं?"

३

दहा वाजता आमच्याकडे सगळं बेनिमासोत नाश्त्याला बसतं. आधी शेंगा आणि ऑलिव्ह, मग कोपरापर्यंत लांब पाव, शेवटी रम पेटवून केलेली कॉफी. सेन्तोच्या बारमध्ये त्या गुरुवारी बातमी माझ्याआधी पोचली होती.

"चोर पकडायचा तर बुटांपासून सुरुवात करा," कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, आणि सगळे फेर्रानच्या पायांकडे बघायला लागले.

फेर्रान लाल झाले. "अहो, नळ टाकायचा तर तळाची खोली मोजायला नको? बुधवारी तीन वाजता पाटाच्या वरच्या दाराची फळी खाली केली, पाणी उतरवलं, पाच वाजेपर्यंत मोजलं, गेलो. पाटकऱ्याची परवानगी घेतलेली आहे. फळी शुक्रवारपर्यंत खालीच राहणार आहे, तीही परवानगी आहे. दोन दिवस आधी मी भिंतीवर कागद लावला होता!"

"कागद कोण वाचतो इथे?" बातिस्तआजोबा शेंग फोडत म्हणाले. ते स्वतः अडतीस वर्षं आल्फाबेगाचे पाटकरी होते. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, ते त्यांच्या बोटांवर. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. "पाण्याचा कारभार तोंडी असतो, साहेब. आमचे पाणीपंच दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात बसतात. आत्ता बाराला बसतील. कागद दिसला का कधी त्यांच्या हातात?"

"म्हणूनच ही अवस्था आहे," फेर्रान म्हणाले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी माझ्यापुढे टेबलावर सोडला. आत चार शिंपले होते. "हे घ्या. काल मी मोजताना पाहिले तेव्हा तळात हे भरपूर होते. आजही आहेत. मग चोरी कसली झाली ते सांगा!"

चारही पिवळे होते. नखाएवढे, गोल, परदेशी. कालव्यांतून नि होड्यांच्या तळांना चिकटून जगभर पसरलेले. आमच्या शिंपल्यांशी त्यांचं नातं भोपळ्याचं वांग्याशी असतं तेवढंच.

मी फेर्रानकडे पाहिलं. ते खरंच उत्तराची वाट बघत होते. ज्याने चोरी केली त्याने गढूळ पाण्यात हात घालून, एकही पिवळा न उचलता, दोनशे सतरा बरोबर निवडून काढले होते. या माणसाला ते उजेडात, टेबलावर, चष्मा लावूनही ओळखता येत नव्हते.

"तुम्ही नाही," मी म्हणाले.

"आभारी आहे," फेर्रान म्हणाले. "पण जे गेलं त्याने फरक काय पडतो? दोनशे म्हातारे. आज ना उद्या मरणारच होते."

"सगळे काही म्हातारे नव्हते," काउंटरमागून सेन्तो पुटपुटला आणि ग्लास पुसत राहिला.

"तू गप रे," आजोबा म्हणाले. "नळ टाका म्हणून अर्जावर पहिली सही तुझी. पाट झाकला की वर आठ टेबलं मांडणार आणि बसणार गल्ला मोजत."

"बारा टेबलं," सेन्तो म्हणाला. "डास तुम्हाला चावत नाहीत, बातिस्तकाका. तुमचं रक्त संपलंय. गिऱ्हाइकांना चावतात. गेल्या उन्हाळ्यात मी कर्ज काढून पंखे लावले, तरी लोक समोरच्या पिझ्झावाल्याकडे जातात. मी काय शिंपल्यांना कॉफी विकू?"

सगळे हसले. मी काळ्या शिनाण्यांची एक थाळी मागितली. जून महिना, शिनाणे म्हणजे हे समुद्रातले शिंपले ऐन हंगामात. सेन्तो ते लिंबू आणि मिऱ्याबरोबर वाफवतो, आणि त्यासाठी तरी पिझ्झावाल्याला सोडून लोक येतात.

"आज नाहीत," तो म्हणाला.

"जूनमध्ये? गुरुवारी?"

"नाहीत म्हटलं ना पोरी. ऑम्लेट खा."

मी ऑम्लेट खाल्लं. मागच्या दाराने पाटाकडे परत जाताना एवढं लक्षात आलं की तिथे खिळ्याला लटकणाऱ्या शिनाण्यांच्या निळ्या जाळीच्या पिशव्या नव्हत्या. धुवायला नेल्या असतील, असं मला वाटलं.

४

बातिस्तआजोबांवरही मी संशय घेतला होता, हे कबूल करते. शिंपले ओळखणारी बोटं या वस्तीत आता दोघातिघांचीच. पण बुधवारी दिवसभर ते गुडघ्याच्या डॉक्टरकडे होते, आणि परत आल्यावर सुनेने त्यांना घराबाहेर पडू दिलं नव्हतं. तसं त्यांनी सांगितलं, आणि सुनेनेही खिडकीतून ओरडून सांगितलं.

दुपारी मी त्यांना हाताला धरून पायऱ्यांपर्यंत आणलं. शेवाळाची ओली रेघ दाखवली.  ते काठी टेकवत खाली उतरले आणि चौथ्या पायरीवर तळवा ठेवला.

"चौथी कोरडी," ते म्हणाले. "कधीपासून?"

"काल तीनपासून. फेर्राननी फळी पाडली ना."

"त्या गाढवाला माहीत नसणार. तुलाही नाही. शेवटची गाळकाढणी झाली तेव्हा तू चार वर्षांची होतीस." ते पायरीवरच बसले. "वर्षातून एकदा पाट बंद करायचा, गाळ काढायला. दहा दिवस. आदल्या दिवशी पाटकरी दुपारी फळी थोडी पाडायचा. मीच पाडायचो. चौथी पायरी कोरडी होईस्तोवर, जास्त नाही. म्हणजे मासे खोल डोहाकडे सरकतात, आणि सगळ्या गावाला कळतं की उद्या पाणी बंद. दवंडी नाही, कागद नाही. बायका धुणं आवरून घ्यायच्या. बागवाले शेवटचं पाणी भरून घ्यायचे. पोरं वाम पकडायला टोपल्या काढायची."

"आणि शिंपले?"

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. "शिंपल्यांचं एक घर होतं."

"म्हणजे?"

"शिंपले पाणी गाळतात, हे बायकांना तुमच्या विद्यापीठाच्या आधीपासून ठाऊक. जिथे शिंपले दाट, तिथे पांढरं धुणं पांढरं राहतं. मग पाट कोरडा पडल्यावर ते मरू द्यायचे कसे? एक घर ते सांभाळायचं. चौथी कोरडी झाली की त्या घराने त्याच संध्याकाळी शिंपले उचलायचे, कुठेतरी ठेवायचे, आणि पाणी परत चौथीवर चढलं की त्याच दिवशी परत लावायचे. कुठे ठेवले ते कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. यादवी युद्धानंतरच्या भुकेच्या वर्षांत लोक बदकांना घालायला न्यायचे, बटणवाले कवचांसाठी पोत्याने विकत घ्यायचे. तेव्हापासूनचा नियम. पाणी येईस्तोवर तोंड बंद. नवऱ्यालाही नाही, पाद्र्यालाही नाही, पाटकऱ्यालाही नाही. मी अडतीस वर्षं विचारलं नाही."

"कुठलं घर, आजोबा?"

"दोलोरेतेसचं. पण ती जाऊन दोन वर्षं झाली, पोरी. तिच्याबरोबर ते संपलं."

दोलोरेतेस म्हणजे सेन्तोची आई.

५

त्या संध्याकाळी मी घरी वही उघडून बसले. आई दोनदा जेवायला बोलावून गेली.

चोर शिंपले ओळखणारा होता. बुधवारी संध्याकाळी मोकळा होता. सेन्तोचा बार बुधवारी दुपारनंतर बंद असतो. त्याच्याकडे दोनशे जीव न चिरडता नेता येतील अशा पिशव्या होत्या. त्या खिळ्यावर नव्हत्या, आणि पिशव्या नाहीत म्हणून गुरुवारी बाजारातून शिनाणे आणले गेले नव्हते. आणि तो म्हणाला होता, सगळे म्हातारे नव्हते. आठ महिन्यांत मला एकही तरुण सापडला नव्हता, फेर्राननी तेच छापलं होतं, अख्ख्या वस्तीने तेच ऐकलं होतं. मग त्याला वेगळं कसं माहीत?

राहिला प्रश्न जागेचा. शिंपल्याला वाहतं, थंड पाणी लागतं. पाट दहा दिवस कोरडा असताना बेनिमासोतमध्ये असं पाणी कुठे होतं? सायंकाळी निरोप घेताना मी आजोबांना एवढंच विचारलं होतं, "गाळकाढणीच्या दिवसांत तुम्ही काय प्यायचात?"

ते लगेच खुलले होते. "दोलोरेतेसचा सोडा! दिवसभर गाळात राबून वर यायचो, तर बाटली अशी गार की दात ठणकायचे. फ्रिज कुणाकडे होता तेव्हा? सगळे म्हणायचे बर्फ आणते, बर्फ आणते. मी बर्फवाल्याला ओळखायचो. तो तिच्या दारात कधी थांबला नाही."

मी आठ महिन्यांच्या नोंदी एका ओळीत लिहिल्या. पाटाचं पाणी जानेवारीत नऊ अंश, जूनमध्ये तेवीस. बारच्या भिंतीतली ती करंगळीएवढी धार जानेवारीत सतरा पूर्णांक चार, जूनमध्ये सतरा पूर्णांक चार. जे पाणी उन्हाळा-हिवाळा जाणत नाही ते जमिनीच्या पोटातून येतं. बारच्या तळघरात झरा होता. आणि त्या झऱ्याच्या पाण्यातला प्राणवायू एका रात्रीत जवळपास दोन अंकांनी उतरला होता.

बॅटरी ठीक होती. त्या पाण्यात कुणीतरी श्वास घेत होतं.

६

शुक्रवारी सकाळी मी बारच्या दारापर्यंत गेले आणि थांबले.

आत जाऊन मी काय म्हणणार होते? सेन्तोकाका, तळघर उघडा? त्याला पाट झाकलेला हवा होता, हे त्याने कधी लपवलं नव्हतं. कर्ज होतं, बारा टेबलांचं स्वप्न होतं. चारपर्यंत तो नुसता गप्प राहिला असता तर कोन्सोलबाई रिकामा तळ बघून गेल्या असत्या आणि सोमवारी नळ आले असते. गप्प राहायला त्याच्या आईनेच त्याला नियम दिला होता. मी चारचौघांत बोट दाखवलं असतं तर त्याने नाही म्हटलं असतं, आणि एकदा नाही म्हटल्यावर बेनिमासोतचा माणूस ते मागे घेत नाही.

नियमाचा दुसरा अर्धा भाग मात्र पाण्याच्या हातात होता.

मी फेर्रानना वरच्या दारापाशी गाठलं. "फळी उचला," मी म्हणाले.

"का?"

"बाई येणार आहेत. त्यांना पाट नेहमीच्या पातळीला दिसला पाहिजे. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, पाणी उतरवलंत म्हणून शिंपले गेले."

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आणि पाणी चढवलं तर ते परत येतील?"

"तुमच्या मते ते आता नाहीतच ना? मग तुमचं काय जातं?"

ते हसले, आणि फळी उचलली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी आणि आजोबा पायऱ्यांवर जाऊन बसलो. वर बारमध्ये कपबश्या वाजत होत्या. पाणी आधी गढूळ आलं, मग निवळलं. बोट बोट करत ते चौथीकडे चढत होतं. आजोबा काठीच्या टोकाने पातळी दाखवत होते आणि मध्येच सांगत होते : इथे माझी बायको धुवायची. इथे तुझी आजी. ती पाणी उडवायची, भांडणं व्हायची. सणाच्या आदल्या दिवशी इथपासून पुलापर्यंत चादरी.

एक वाजून पाच मिनिटांनी चौथी पायरी ओली झाली.

वरच्या कपबश्या थांबल्या. मागच्या दारात सेन्तो उभा होता, हातात फडका. तो आमच्याकडे बघत नव्हता. पायरीकडे बघत होता. मग दार आतून बंद झालं, आणि कडीचा आवाज आला.

दीड वाजला. दोन वाजले. आजोबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. अडीचला फेर्रान पुलावर येऊन उभे राहिले, घड्याळात बघून निघून गेले.

"चल, पोरी," शेवटी आजोबा म्हणाले. "दोन वर्षं झाली तिला जाऊन. माणसं बदलतात."

मी वही मिटली.

७

तीन वाजता दार उघडलं. सेन्तोने विजार मांड्यांपर्यंत गुंडाळली होती आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर निळ्या जाळीच्या पिशव्या होत्या, पाणी निथळणाऱ्या. तो आम्हाला ओलांडून सरळ पाण्यात उतरला.

"सरका जरा," तो म्हणाला. "ऊन लागतंय त्यांना."

"इतका वेळ काय करत होतास रे?" आजोबांचा आवाज चिरकला.

"काय करत होतो? एक तास कपाळाला हात लावून बसलो होतो तळघरात." त्याने पहिली पिशवी पाण्यात सोडली. "परवा संध्याकाळी मागे आलो, बघतो तर चौथी कोरडी. म्हटलं, पंचायतीने गाळकाढणी काढली. कुणी सांगितलं नाही, पण तसं कुणी कधीच सांगत नाही. मी विचारसुद्धा केला नाही हो. हात गेले पाण्यात. सगळे काढून झाल्यावर आठवलं की नळ टाका म्हणून सही माझीच आहे."

"आणि मग?"

"मग काय! चौथी ओली होईस्तोवर बोलायचं नाही. बरंच झालं म्हटलं. न बोलताच बारा टेबलं मिळतात." त्याने एक शिंपला हातात घेतला, टोक खाली करून मातीत अलगद रोवला, प्रवाहाकडे तिरका, जसे ते स्वतः बसतात तसा. "तेवढ्यात या बाईंनी पाणी आणलं." त्याने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "शहाणी आहेस. तुझी आजी पण अशीच होती. समोर काही बोलायची नाही आणि आपल्याला हवं ते करवून घ्यायची."

"तुम्ही आला नसतात तर मला काही करता आलं नसतं, काका," मी म्हणाले.

"नसतोच आलो. पण तळघरात भिंतीवर आईचा अ‍ॅप्रन अजून लटकतोय." त्याने पुढचा शिंपला रोवला. "काढायला हवा तो. ओल येते त्याला."

मी पाण्यात उतरले. तो एकेक देत गेला, मी नंबर वाचून वहीत खूण करत गेले, आजोबा काठावरून मोठ्याने मोजत होते. ते दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा आम्ही चुकलो असं म्हणाले. पावणेचारला कोन्सोलबाई आल्या. पंधरा मिनिटं लवकर. हातात फाइल, पायात शहरी बूट. त्यांनी आम्हा तिघांकडे पाहिलं, बूट काढले आणि तिसऱ्या पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे फेर्रान.

"पिशव्या संपल्या," मी म्हणाले. "दोनशे सतरा."

"सगळे साठच्या वरचे," फेर्रान म्हणाले. "बाई, माझा अहवाल पान चार—"

"थांबा हो साहेब," सेन्तो म्हणाला. "सगळे कुठे आले?" तो वर गेला आणि एक उंच ग्लास घेऊन आला. ओर्चाता हे थंड पेय देतो तो जाड बुडाचा ग्लास, वरपर्यंत झऱ्याच्या पाण्याने भरलेला, तळाशी बोटभर वाळू. "हे वेगळे आणले. मोठ्यांबरोबर घातले असते तर चिरडले असते."

"हे कुठे होते?" मी विचारलं. "मी आठ महिने शोधतेय."

"तू वरवर शोधतेस, पोरी. पाचव्या पायरीच्या पोटाखाली हात घाल, कोपरापर्यंत. तिथे खडी आहे. आई म्हणायची, पोरं खाली झोपतात, मोठी झाली की वर येतात."

मी ग्लास पांढऱ्या ताटलीत ओतला. वाळू पसरली. कोन्सोलबाई वाकल्या, भिंग काढलं आणि माझ्याकडे मोजपट्टी मागितली.  आजोबाही काठावरून वाकून बघत होते.

नोंद खालीलप्रमाणे.

शुक्रवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. पाण्याची पातळी तिसऱ्या पायरीवर पाच सेंटिमीटर. जिवंत शिंपले दोनशे एकोणतीस. नंबर असलेले दोनशे सतरा, नंबर नसलेले बारा. सर्वांत मोठा अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर. सर्वांत लहान एकोणीस मिलिमीटर. कवचावर वार्षिक वलयं दोन.